कान माझे, गाडी तुमची

अण्णा,

तुमच्याबद्दल छापून आलं आहे, आणि गाडी लाल होती एवढं वाक्य सोडलं तर त्यातलं काही खरं नाही. जुन्या मोटार शर्यतींवर कुणीतरी लेख लिहिला आहे. भाचीने तो मोबाईलवर शोधून काढला आणि मोठ्या कौतुकाने मला वाचून दाखवायला बसली. मी फोनच तिच्या हातातून मागून घेतला. बॉनेटवर हात ठेवून तुम्ही उभे आहात असा फोटो आहे आणि खाली लिहिलंय की नगरचा हा पगारी रेसिंग ड्रायव्हर इंजिनाचा दोष नुसत्या कानाने ओळखायचा, असा कान पुन्हा झाला नाही. शेवटी म्हणतात, ऐन भरात असताना वैयक्तिक कारणामुळे त्यांनी शर्यती सोडल्या. ते वैयक्तिक कारण आता सत्तरीला टेकलं आहे आणि सावेडीच्या फ्लॅटमध्ये बसून हे पत्र लिहीत आहे.

तुमच्या त्या प्रसिद्ध कानांबद्दल मला कळलं ते स्वयंपाकघरात. बाहत्तरच्या दुष्काळाचं वर्ष होतं आणि आई पाण्याच्या रांगेत गेली होती. स्टोव्हवर डाळ शिजत होती, पातेल्यावरचं झाकण खडखडा नाचत होतं, आणि तुम्ही शेजारीच पाटावर बसून वर्तमानपत्र वाचत होतात. डाळ उतू गेली, स्टोव्ह फसफसून विझला, तरी तुम्ही पानावरून नजर काढली नाहीत. जळका वास आला तेव्हा मान वर केलीत आणि दारात मला पाहिलंत. मी तेव्हाही फटकळच होते. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, हिची जीभ साबणाने धुवायला हवी. पण त्या वेळी मी नुसती तुमच्या कानांकडे बघत राहिले. तुम्ही पातेलं खाली घेतलंत, फडक्याने फरशी पुसलीत आणि म्हणालात, "कान रणगाड्यातल्या तोफंनं नेलं. कुनाला बोलू नगं." आईला अर्थातच ते माहीत होतं. ती तुम्हाला कधी हाक मारायचीच नाही, फरशीवर टाच आपटायची आणि तुम्ही वळून बघायचात. इतकी वर्षं मला वाटत होतं की बाईचा स्वभावच तापट आहे.

कुनाला म्हणजे मालकाला, हे मला न सांगता कळलं. मुंबईचा मोटारींच्या सुट्या भागांचा व्यापारी तो. फौजेतून सुटल्यावर तुम्ही कॅम्पाजवळ टाकलेल्या गॅरेजात त्याची बंद पडलेली गाडी आली, तुमचं काम त्याला आवडलं आणि त्याने तुम्हाला पगारावर ठेवलं. शर्यतीची गाडी तयार करायची तुम्ही आणि चालवायचीही तुम्हीच. घाटातल्या लहानसहान शर्यती तुम्ही त्याला जिंकून दिल्या होत्यात. आता मद्रासजवळच्या एका जुन्या धावपट्टीवर मोठी शर्यत होती, देशभरातल्या गाड्या येणार होत्या. मालकाने निरोप पाठवला होता की शेवटच्या चाचणीला मी स्वतः येईन आणि मग ठरवीन गाडी कोणाच्या हाती द्यायची ते. पुण्याचा एक तरुण ड्रायव्हर त्याच्या मनात होता. तुम्हाला ऐकू येत नाही एवढं त्याला कळलं असतं, तर चाचणीपर्यंतही वेळ आली नसती.

म्हणून तुम्ही दर रविवारी मला शेजारी बसवून न्यायला लागलात. सुप्याच्या अलीकडे पुण्याच्या रस्त्याला एक लांब सरळ पट्टा होता. भर दुपारी जायचं, कारण सकाळच्या गारव्यात कुठलंही इंजिन शहाण्यासारखं वागतं, त्याचा खरा स्वभाव उन्हातच कळतो, असं तुमचं म्हणणं. एस.टी.च्या वेळा तुम्हाला पाठ होत्या आणि त्या उन्हात बाकी रस्त्यावर सायकलही फिरकायची नाही. गाडी पूर्ण वेगात पळवून आणली की तुम्ही टायरवर तळहात ठेवून कुठली कड जास्त तापली ते बघायचात. मग प्लग काढून त्यांचा रंग पाहायचात, तो भाजलेल्या बिस्किटासारखा हवा. हे सगळं हाताचं आणि डोळ्यांचं काम होतं, त्यात तुम्हाला कुणी लागत नव्हतं. मी लागायची ते खड्यांसाठी. इंजिनात ठिणगी थोडी आधी पाडली की गाडीला जोर येतो, फारच आधी पाडली की इंजिन आतून ठोकायला लागतं, आणि तसंच दामटलं तर पिस्टनला भोक पडतं. जोर हवा, पण ठोकणं नको. अगदी त्या काठावर गाडी आणून ठेवायची, हीच सगळी चाचणी. त्या ठोकण्याला गॅरेजातले लोक नॉकिंग म्हणत, तुम्ही खडे म्हणायचात. बंद डब्यात हरभरे हलवावेत तसा आवाज, आणि तो एग्झॉस्टच्या गर्जनेखाली दबलेला. तो आला की मी तुमच्या डाव्या दंडावर बोट टेकवायचं. तुम्ही तत्क्षणी पाय उचलायचात, गाडी थांबवायचात आणि ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर केसभर मागे फिरवायचात. मग माझ्या तोंडाकडे बघत तुमचा ठरलेला प्रश्न यायचा, "काय म्हनती गाडी?" तुम्हाला ओठांवरून कळावं म्हणून मी एकेक शब्द सुटा करून सांगायची. माझं इंग्रजी सिस्टरांनी सुधारलं, मराठी तुम्ही.

मला त्या गाडीचं वेड लागलं होतं, हे तुम्हाला दिसत नव्हतं असं मी मानत नाही. गॅरेजच्या आवारात जीप मी चालवायची, तुम्हीच शिकवली होतीत. एकदा तरी मला त्या पट्ट्यावर ही गाडी चालवू द्या, म्हणून मी किती मागे लागले. तुम्ही म्हणालात, "चालवनारं लई भेटत्यात. ऐकनारं न्हाई भेटत." मोठं गोड बोलून तुम्ही मला डाव्या सीटवर बसवून ठेवलंत. आणि गॅरेजात गिऱ्हाईकं तुमच्या कानाची तारीफ करायला लागली की तुम्ही मिशीवरून बोट फिरवत गप्प बसायचात. मी चहाचे कप आपटत उचलायची. ते आपटणंही तुम्हाला ऐकू यायचं नाही, हा आणखी वेगळा संताप.

मग तो रविवार. मालक पांढऱ्याशुभ्र कपड्यांत येतो, गाडीभोवती एक फेरी मारतो आणि डाव्या बाजूचं दार उघडून म्हणतो, आज मी बसतो शेजारी. तुम्ही माझ्याकडे बघता. मी काहीच न सुचून पट्ट्याच्या मध्यावरच्या मैलाच्या दगडाकडे बोट दाखवते आणि एक हात वर करते. खडे असले तर हात वर, नसले तर खाली. तुम्ही पापण्या मिटून 'कळलं' म्हणता.

इंजिन गरम करायला तुम्ही एक हळू फेरी मारलीत, तेवढ्यात मी पळत दगड गाठला. तिथे दुष्काळी कामावरच्या बाया लिंबाच्या सावलीत भाकरी खात होत्या, खडीचे ढीग रस्त्याच्या कडेला लावलेले. त्यांतली एक थोराड बाई रविवारागणिक मला बघून डाफरायची, हितं घोटभर पान्याची मारामार आन् ही गाडी बघा कशी पितीया. मला तिचं म्हणणं पटायचं आणि म्हणूनच रागही यायचा. त्या दिवशी मी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. बाहेरून ऐकणं फार अवघड असतं, अण्णा, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. गाडी येताना नुसता गोंगाट आणि गेल्यावर नुसता धूर. बॉनेट समोरून जातं तेवढ्यापुरतंच काय ते कानावर पडतं. गाडी आली, आणि गोंगाटाच्या पोटात डब्यातले हरभरे वाजले. मी हात वर केला. एवढ्या वेगात तुम्ही रस्त्यावरची नजर काढून माझ्याकडे बघितलंत. आणि पुढे खडीचा ढीग रस्त्यावर ओघळलेला होता. तुम्ही पाय उचललात, गाडी जराशी हलली आणि सरळ निघून गेली.

"आगं ए बाय," ती बाई माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. "मगाशी त्यो हळू जाताना कवाच्या हाका मारल्या, म्होरं खडी सांडली हाय म्हनून. ढिम्म. भैरा हाय का त्यो?"

मी म्हटलं, गाडीच्या आवाजात कुणालाच ऐकू येत नसतं.

"मंग तू हात कुनाला दावतीस?"

मी तिला कळवळून म्हटलं की मावशी, त्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसासमोर यातलं काही बोलू नका. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, पदर खोचला आणि परत भाकरीवर जाऊन बसली.

पट्ट्याच्या टोकाला तुम्ही बॉनेट उघडलंत, डिस्ट्रिब्युटर फिरवलात आणि परत आलात. गाडी पुन्हा माझ्यासमोरून गेली तेव्हा आवाज असा स्वच्छ होता की मला रडू आलं. मी दोन्ही हात खाली घट्ट धरून ठेवले. वळून तुम्ही दगडापाशीच थांबलात. मालक उतरला तोच तुमचा खांदा थोपटत. म्हणाला, शेजारी बसूनही मला काही कळलं नाही, तुम्ही बरोबर ओळखलंत, मद्रासला तुम्हीच जायचं. झालं होतं, अण्णा. आपण जिंकलो होतो. तुम्ही फक्त हसायचं होतं. तेवढ्यात त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. म्हणाला, ही मुलगी मघाशी रस्त्याच्या कडेला हात करत होती, उद्या काही झालं म्हणजे? पोरीबाळींना इथे आणू नका, यापुढे हिला घरी ठेवा. आणि मला, जरा बाजूला हो.

त्यात काय एवढं? मी बाजूला झालेही होते. बरं म्हणायचं आणि सोडून द्यायचं. तुम्ही रुमालाने हात पुसत होतात, ते पुसायचे थांबलात.

"तिला बाजूला करू नगा, साहेब," तुम्ही म्हणालात. "गाडी तिच्या कानावर चालती. मला ऐकू येत न्हाई."

लिंबाखालच्या बायासुद्धा चावायच्या थांबल्या. मालक वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "हे तुम्ही मला सांगायला नको होतं. आता मला माहीत नव्हतं असं मी कसं म्हणू?" शर्यतीत मागून कोण येतंय ते कळलं नाही तर काय होईल, वगैरे काहीतरी तो बोलत राहिला, मान खाली घालून, म्हणजे तुम्हाला त्यातलं अक्षरही कळलं नसणार. मग आपल्या गाडीत बसून गेला. त्याने ते पुढे कुणाला सांगितलं नाही, हे मात्र त्याचं मोठेपण. म्हणून तर असले लेख छापून येतात.

मी तुमच्यावर इतकी कधीच चिडले नव्हते. मी सगळं सांभाळलं होतं आणि तुम्ही एका वाक्यात ते रस्त्यावर टाकून दिलंत. मी तोंडाला येईल ते बोलत होते, तुम्ही माझ्या ओठांकडे बघत ते सगळं वाचत होतात. शेवटी म्हणालात, "माज्यासमोर तुला हाकललं. मी गप बसून त्या गाडीत कसा बसू?" आणि तुम्ही गाडीला वळसा घालून गेलात आणि डाव्या सीटवर बसलात. डाव्या. मला क्षणभर काही समजेना. उजव्या बाजूचं दार उघडं होतं.

नगरपर्यंत ती गाडी मी चालवली. फार वेगात नाही, डोळ्यांत पाणी असताना वेगात चालवता येत नाही. पण त्या सरळ पट्ट्यावर एकदा मी पाय पूर्ण दाबला. तुम्ही डॅशबोर्डवर तळहात टेकवून बसला होतात, तापलेल्या टायरवर टेकवायचात तसाच. "काय म्हनती गाडी?" तुम्ही विचारलंत आणि माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिलात, दंडावर बोट येतंय का म्हणून. मी दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले. तुम्ही मान डोलावलीत आणि बाहेर बघायला लागलात.

पुढच्या आठवड्यात मालकाचा माणूस येऊन गाडी घेऊन गेला. पुण्याच्या त्या पोराने मद्रासला काय दिवे लावले ते मी कधी विचारलं नाही. आईने टाच आपटून तुम्हाला जेवायला बोलावलं. तुम्ही मरेपर्यंत गॅरेज चालवलंत. मी विमा कंपनीत लागले आणि आयुष्यभर मोटार अपघातांचे दावे तपासत, खोटं बोलणाऱ्यांना फाडून खात निवृत्त झाले. शर्यत तुमच्या हातून गेली ती माझ्यामुळे, आणि तेही मी मागितलेलं नसताना, ही गोष्ट मी तुम्हाला अजून माफ केलेली नाही. सांगायला नको होतं, अण्णा. गप्प बसणं इतकं सोपं होतं.

भाची परवा मला नव्या गाडीतून सुप्यापर्यंत घेऊन गेली. आता तिथे दोन्ही बाजूंना कारखाने आहेत, आपला पट्टा कुठला ते ओळखूसुद्धा येत नाही. वाटेत ती म्हणाली, मावशी, तुला तर गाडीतलं कळतं, इंजिनाचा हा कसला आवाज येतोय सांग ना. तिने वळून माझ्याकडे बघून विचारलं म्हणून मला कळलं तरी. मी डोळे मिटले, जाणकारासारखी मान तिरपी केली आणि म्हटलं, काही नाही, नवीन आहे, होईल ठीक.

मला कसलाच आवाज आला नव्हता. माझे कान जाऊन वर्ष होऊन गेलं, आणि हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.