पोराचं बटण

प्रिय प्रितम,

मुलुंडला पत्र दोन दिवसांत पोचतं की पाच, हे पोस्टातल्या बाईलाही नीट सांगता आलं नाही. म्हणून आज सोमवारीच लिहायला बसले. रविवारच्या आत हे तुझ्या हातात पडलं पाहिजे. फोनवर जमलं नसतं. फोनवर मी 'जेवलास का' विचारते, तू 'हो' म्हणतोस, मागून माझ्या सुनेचा, श्रुतिकाचा कुकर वाजतो आणि आपण दोघंही सुटल्यासारखे फोन ठेवतो.

नमिता गुरुवारी घाटकोपरहून आली होती. मी मोरीशी निवटी मासळी साफ करत होते. तिनं चप्पलही काढली नव्हती, तशीच दारात उभी राहून तुझा निरोप सांगितला. बापसाच्या वर्षश्राद्धाला तू येणार नाहीस. तू तिला म्हणालास म्हणे, "अग्नी दिला तो लोकांसाठी दिला. आता पाणी कशाला देऊ? चार दिवस अंथरुणावर पडून होता, तरी पोराला बोलवा, अशी खूण त्यानं एकदाही केली नाही." सांगताना तुझी बहीण रडली. मी रडले नाही. निवटी हातातून निसटतात, लक्ष तिकडे ठेवावं लागतं. मला तुझा रागही आला नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. तुला जेवढं माहीत आहे त्यावरून एवढंच निघतं. बाकीचं मला माहीत आहे. तेही परवाच्या शनिवारपासून.

तुमचं बापलेकांचं भांडण मी पुन्हा उकरत नाही. त्या वर्षी जहाजं ओढणाऱ्या एका टगच्या पंख्यात त्याचं जाळं गेलं, आणि पावसाळा सरल्यावर तू टगवरच नोकरी धरलीस. मच्छीमार संस्थेच्या सभेत चारचौघांत तो म्हणाला, "माझं जाळं फाडणाऱ्यांची दोरी धरायला माझाच पोर." तू उठलास. बोलावल्याशिवाय उंबरा चढणार नाही, असं मला सांगून गेलास. दोघांनीही शब्द पाळला, सहा वर्षं. मी नमिताच्या हातून तुला सुकट पाठवत राहिले आणि त्याला ते कळत राहिलं. घरात तुझं नाव निघालं तर तो ताटावरून उठायचा नाही, पण घास हातातच राहायचा. तुझ्या बापसाचा, भिकाजीचा स्वभाव सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक होता. मलाही ठाऊक आहे असं मी समजत होते.

त्याच्याकडे एक रेडिओ होता, तो तू पाहिलेला नाहीस. खालच्या आळीतल्या नितेशनं दिला होता. नितेश जहाजावर वायरलेसला होता, आता घरीच असतो. हातात मावेल एवढा काळा सेट, वर रबराची काठी. बोटी, टग, जहाजं बंदरात आणणारे पायलट, जेटीवरचे लोक एकमेकांशी जे बोलतात ते त्यातून नुसतं ऐकू येतं, आपल्याला उलट बोलता येत नाही. नितेश त्याला स्कॅनर म्हणतो. तुझा बापूस सेट म्हणायचा आणि मी डबा. तू गेल्यावर दुसऱ्या वर्षी तो घरात आला. तोवर गुडघे गेले होते, होडी काठाला लागली होती. मला वाटलं, खाडीत पायानं जाता येत नाही म्हणून कानानं जातोय. चहा झाला की माळ्यावरच्या खिडकीशी जाऊन बसायचा, जिथून जेटीला लागलेले टँकर दिसतात, आणि डबा मांडीवर. मी खालून ओरडायचे, "काय म्हणते तुमची दुसरी बायको?" तो वरून म्हणायचा, "तुझ्यापेक्षा कमी बोलते."

तो गेल्यावर सेट बिस्किटांच्या पत्र्याच्या पेटीत पडून होता. नारळी पुनवेनंतर सगळ्यांच्या बोटी निघाल्या, आळी रिकामी झाली, तेव्हा मी तो बाहेर काढला. मी शाळेत गेले नाही हे तुला माहीत आहे. बंदरावर होड्यांच्या नाकाडावर रंगवलेली नावं बघून अक्षरं ओळखायला लागले, मग तुझं पहिलीचं पुस्तक, मग वाचनालय. तेव्हा एक नियम केला होता, कळलं नाही ते अक्षर सोडून पुढे जायचं नाही. सेटलाही तोच लावला. वर दोन गोल खुंट्या आहेत. एक आवाजाची, तीच फिरवली की सेट सुरू होतो. दुसरी खरखरीची. ती सैल सोडली तर तव्यात बोंबील टाकल्यासारखा आवाज येतो. फार आवळली तर खरखर जाते, पण तिच्याबरोबर लांबून बारीक बोलणारा माणूसही जातो. ती नेमकी कुठे ठेवायची हे समजायला मला आठवडा लागला. मग आठवलं, तुझा बापूस नेहमी थोडी खरखर ठेवूनच ऐकायचा. कान किटले, म्हणून मी भांडायचे. तो खुंटीला हात लावू द्यायचा नाही.

पुढे लहानशी काच आहे. दिव्याचं बटण दाबलं की ती पिवळी होते. त्यात आकडे पळत असतात. पळतायत तोवर सेट शोधतोय. थांबले की तिथे कुणीतरी बोलतंय. कडेला बॅटरीचं चित्र आहे, ते अर्धं झालं की चार्जर लावायचा. एका बटणानं किल्लीचं चित्र येतं, मग बाकीची बटणं ऐकतच नाहीत. दोन दिवस मला वाटलं, लागली वाट, मोडला माझ्या हातून. नितेशनं येऊन तेच बटण पुन्हा दाबलं आणि हसत गेला.

एक दिवस आकडे थांबले आणि तू बोललास. सकाळचे अकरा वाजले होते, भरती होती, टँकर जेटीला लागत होता. पायलट इंग्रजीत हुकूम देत होता आणि तू प्रत्येक हुकूम परत म्हणून दाखवत होतास. तुझ्या टगचं नाव घेऊन तो म्हणायचा, "मयूरी थ्री, पुश ईझी," म्हणजे हळू ढकल. "पुश ईझी, सर." शेवटी म्हणालास, "मयूरी थ्री, स्टँडिंग बाय." तुझा घसा बसला होता. मी खिडकीतून बघितलं, टँकरच्या पोटाशी एक टग चिकटला होता, माणूस काही दिसत नव्हता. नितेशला विचारलं, स्टँडिंग बाय म्हणजे काय रे. तो म्हणाला, "काकी, म्हणजे मी इथेच उभा आहे, सांगाल तेव्हा तयार." एवढ्या बोटींत तुझा आवाज लागला तो योगायोग, असंच मी धरून चालले. त्यानंतर रोज ऐकायला बसते. पण तू अर्धाच सापडायचास. सेट दुसऱ्याच कुणापाशी थांबलेला असायचा, दोन होड्यांवरचे लोक मासळी कुठे आहे यावरून वाद घालत बसायचे, आणि तोवर तुझं काम आटोपून जायचं.

शनिवारी ती पत्र्याची पेटी घासायला काढली. तळाच्या कागदाखाली वहीचं पान निघालं. तुझ्या बापसाचं अक्षर, जाळ्याच्या गाठींसारखं. पानावर सेटचं चित्र काढलं होतं आणि प्रत्येक बटणाला बाण काढून मराठीत नाव दिलं होतं. आवाज. खरखर. थांब. पुढे चल. दिवा. कुलूप. उजवीकडच्या एका बटणाला लिहिलं होतं, 'पोराचं बटण'. आणि खाली, 'हे चालू असलं की कोणाचंही ऐकत असलो तरी सेट दर दोन सेकंदांनी एक नंबरवर डोकावून येतो. टक् असा आवाज होतो. तो बिघाड नाही. वर कोपऱ्यात तीन बारीक अक्षरं दिसली पाहिजेत.' ते पान घेऊन मी तशीच नितेशकडे गेले. त्यानं त्या बटणाच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "सेट दिला तेव्हा काकांनी पहिलं हेच विचारलं. मयूरी तीन कुठे बोलते? ती एक नंबरवर टाक, बाकी दुनिया नंतर. आणि वर म्हणाले, घरात बोललास तर तंगडं मोडीन."

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. ती टकटक मला माहीत होती, प्रितम. पाच वर्षं मी ती खालून ऐकत होते. बोलणारा मध्येच तुटायचा, टक्, पुन्हा जोडला जायचा. मला वाटायचं, आतली तार सैल आहे. गेल्या वर्षी लकवा मारला आणि डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, तेव्हा तुझ्या बापसाची उजवी बाजू आणि वाचा गेली होती. सेट उशाशी हवा, एवढं त्यानं डाव्या हातानं दाखवलं. पहिल्याच सकाळी आजारी माणसाच्या डोक्याशी ती टकटक मला सहन होईना. मी सेट उचलला, झटकला, एकेक बटण दाबून बघितलं. एका बटणानं ती थांबली. मी त्याला म्हटलं, "बघा, बरा केला तुमचा डबा." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. आजाराचं पाणी म्हणून मी पदरानं पुसलं. नमिता तुला फोन करते म्हणत होती, तिला मीच अडवलं. म्हटलं, आधी त्याला विचारते, शेवटच्या वेळी घरात तमाशा नको. तीनदा विचारलं, "प्रितमला बोलवू का?" तिन्ही वेळा त्यानं बोट सेटकडे केलं. मला वाटलं, म्हणतोय, गप्प बस, ऐकू दे. मी आवाज वाढवून दिला. तरी बोट खाली घेईना. कोपऱ्यातली अक्षरं गेली म्हणून दाखवत होता, की तू तिथे आहेस म्हणून, ते आता कोण सांगणार. चौथ्या दुपारी गेला तेव्हाही तो हात सेटवरच होता. शनिवारी संध्याकाळी मी ते बटण पुन्हा दाबलं. तीन अक्षरं आली, टकटक सुरू झाली, आणि काल सकाळचा तुझा एकही शब्द सुटला नाही. नमिताला अजून सांगितलेलं नाही, आधी तुला. रविवारी मी त्याचं ताट वाढीन, निवटीचं कालवण करीन, तुम्हा दोघांना आवडतं ते. पाणी तू दे किंवा देऊ नकोस, त्यावर मी काही म्हणणार नाही. पण त्यानं बोलावलं नाही, असं मात्र पुन्हा कुणापाशी म्हणू नकोस. तो चारही दिवस बोलावत होता. बंद मी केलं होतं.

माळ्यावर सेटपाशी बसलेली,
तुझीच
आय