निळ्या रेघेचा दोर

अकोला
रविवार, दुपार

प्रिय कुलदीप,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच बाजूला ठेवशील, अशी मला शंका आहे. गेल्या तीन महिन्यांत माझ्याकडून तुझ्याकडे एकच कागद आला, माझ्या जबाबाची प्रत, कॉलेजच्या शिक्क्यासकट. त्यातल्या 'निष्काळजीपणा' या शब्दाखालची रेघ मीच मारली होती. तरी हे उघड. येत्या गुरुवारी चौकशी समितीची शेवटची बैठक आहे. अहवाल तुझ्या विरोधात गेला, तर कॅम्पची परवानगी कायमची रद्द होईल, आणि हिवरखेडच्या वर डोंगराच्या पायथ्याशी बारा वर्षं खपून तू जे उभं केलंस त्याला कुलूप लागेल. त्या अहवालाचा पाया माझा जबाब आहे. म्हणून बैठकीआधी काही गोष्टी तुला माझ्याकडून कळायला हव्यात.

त्या दिवशी मी काय पाहिलं, ते आधी सांगते. सात डिसेंबर, हंगामातली तुझी दुसरीच तुकडी. माझ्या बी.एस्सी.च्या चाळीस मुलांनी सकाळी तुझ्याबरोबर जंगलवाट केली. सालई आणि धावडा ओळखायला शिकली, अस्वलानं उकरलेलं वारूळ पाहून ओरडली. मग कड्यावरून दोरानं उतरायचं होतं. उतरणाऱ्यांत आचल सहावी. अर्ध्यात दोराचं आवरण फाटलं आणि ती सात-आठ फूट घसरली. तू लावलेल्या दुसऱ्या दोरानं तिला धरलं, पण झोका खडकावर गेला आणि घोटा चुरला. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पाच किलोमीटर धावणारी मुलगी. तिला खाली आणलं तेव्हा ती रडत नव्हती, 'मॅडम, मैदानी चाचणी कधी आहे वो?' एवढंच विचारत होती.

आणि मग मी तुझ्यावर संशय घ्यायला सुरुवात केली. गाडी आचलला घेऊन गेल्यावर तासाभरात तू त्या दोराचे सुऱ्यानं हात-हातभर लांबीचे तुकडे केलेस. मला वाटलं, पुरावा नष्ट करतो आहेस. दुसऱ्या दिवशी तुझे शेषराव, कॅम्प सुरू झाल्यापासून स्वयंपाकापासून कुंपणापर्यंत सगळं बघणारे, वरूडला लेकीकडे निघून गेल्याचं कळलं. मला वाटलं, साक्षीदार हलवला. समितीनं विचारलं, हा दोर आणखी कुणी वापरला होता का? तू म्हणालास, 'ते नका विचारू. दोर माझा, कॅम्प माझा. लिहा माझं नाव.' प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. किती उर्मट झालाय हा, असं मी त्या रात्रीच्या डायरीत लिहिलं आहे. तू दोर कापत होतास तेव्हा त्यातला एक तुकडा मी पर्समध्ये टाकला होता, हे तुला ठाऊक नाही. पांढरा दोर, त्यात निळी रेघ. आवरण फाटलेलं, आत गाभ्यात काळी माती बसलेली. 'दोरांची स्वच्छता राखली जात नव्हती', हे वाक्य मी त्या तुकड्यावरून लिहिलं.

माझा स्वभाव तुला नवा नाही. अमरावतीला आपल्या निसर्ग मंडळात सगळे मला 'ऑडिटर' म्हणायचे. चिखलदऱ्याला निघायच्या आधी मी सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या मोजायचे, आणि भीमकुंडाच्या वाटेवर तू हटकून त्यातली एक लपवायचास. 'साधना, तू लग्नातही नवरदेवाची पावती मागशील,' असं म्हणून तू सगळ्यांना हसवलं होतंस. मी चिडले होते, पण तूच मला दोर बघायला शिकवलंस. डोळ्यांनी नाही, बोटांनी. वीतभर पुढे सरकायचं, दाबायचं, पुन्हा वीतभर. कुठे मऊ लागला, चपटा लागला, तर तो दोर संपला. त्याचे तुकडे करायचे, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हातात तो चुकूनही पडणार नाही. हे मला माहीत होतं, कुलदीप. तरी तू तुकडे करताना मला पुरावाच दिसला. आणि एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी तू जे विचारलं होतंस, त्यावर मी 'विचार करून सांगते' म्हणाले होते. तू वाट पाहिलीस, मग लग्न केलंस, ते बरंच केलंस. माझा विचार काही संपला नाही.

मागच्या रविवारी आचलकडे गेले होते. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, गल्ली इतकी अरुंद की रिक्षा तोंडाशीच सोडावी लागते. ती पालथी वाटी तळपायाखाली पुढेमागे फिरवत बसली होती, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम. तिचे वडील भगवंतराव दारातच म्हणाले, 'मॅडम, पोरीचं एक वर्ष गेलं, आता त्या माणसाले सोडू नका.' मी हो म्हणाले. आचल आतून म्हणाली, 'बाबा, त्या सरनं दुसरा दोर नसता लावला, त मी इथं वाटी फिरवत नसती बसली. फोटोत असती, हार घालून.' भगवंतराव चहाचं सांगायला आत गेले. चहा पिताना मला एकदम वाटलं, दोन दोर लावणारा माणूस मळका दोर वापरेल का? घरी येईपर्यंत तो प्रश्न गेला नाही. चांगल्या माणसालाही कधी आळस येतो, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. समजूत पटली नाही.

बुधवारी समितीसाठी घटनाक्रम लिहायला बसले. सहलीच्या परवानगीचं पत्र कधी दिलं, ती तारीख हवी होती म्हणून गेल्या वर्षीची डायरी काढली. सप्टेंबर उलटताना एका पानावर हात थांबला. चौदा तारीख.

आता जे लिहिते ते तुला शेषरावांनी सांगितलं असेल किंवा नसेल. सहलीआधी मी एकदा कॅम्पवर येऊन गेले होते. तुला न सांगता, तू अमरावतीला आहेस हे माहीत करून. मुलांना कुठे नेतो आहोत ते तुझ्या गैरहजेरीत बघावं, दोर सावलीत टांगलेले असतात की अंगणात पडलेले, हे बघावं म्हणून. तुझ्यावर माझा तेवढाही विश्वास नव्हता. ओढ्यावरच्या रपट्याच्या, त्या ठेंगण्या पुलाच्या अलीकडे तू बोर्ड लावला आहेस, 'पावसाळ्यात चारचाकी पुढे नेऊ नये'. मी नेली. चालत गेले असते तर अर्धा तास गेला असता आणि कुणीतरी तुला फोन केला असता. शंभर पावलांवर गाडी काळ्या मातीत पोटापर्यंत रुतली.

शेषराव ट्रॅक्टर घेऊन आले. आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'बाई, एवढ्या शिकल्या तुमी, अन् बोर्ड वाचता येत नाही काय?' म्हणाले. मग, 'उतरा, चपला हातात घ्या, नाहीतर त्या इथंच पेरल्या जातील.' साखळी सापडेना म्हणून ते परत गेले आणि एक दोर घेऊन आले. गाडीच्या पुढच्या लोखंडी कडीत अडकवला, ट्रॅक्टरनं तीन हिसके दिले. गाडी निघाली. दोर चिखलात लोळत होता, त्यावरून माझ्याच गाडीचं चाक गेलं. मी त्यांना म्हणाले, 'कुलदीपला सांगू नका.' त्यांनी विचारलं, 'काहून?' मी काहीतरी पुटपुटले. ते हसले. 'मी कायले सांगू? मले काय बक्षीस भेटून राहिलं? दोर धुऊन ठेवतो जागेवर.' मी त्यांना नको म्हणायला हवं होतं. हा दोर आता कापून टाका, एवढे शब्द पुरले असते. मला ते येत होते, तूच शिकवले होतेस. पण दोर कमी झाला की तू विचारणार, आणि मग मी चोरून पाहायला आले होते हे तुला कळणार.

डायरीत त्यातलं फारसं काही नाही. माझी ओळ अशी आहे: 'गाडी फसली. शेषरावांनी पांढऱ्या दोरानं (निळी रेघ) ओढून काढली. दोन तास वाया.' कंसात रेघेचा रंगसुद्धा लिहून ठेवणारी मी बाई, आणि तो तुकडा तीन महिने कपाटात पाकिटात घालून ठेवला, पण ओळखला नाही. की ओळखायचाच नव्हता? हे मी स्वतःला पाच दिवस विचारते आहे. तुझ्या कड्यावर सगळा मुरूम आहे, लाल. काळी माती फक्त खाली रपट्याजवळ आहे. कुठल्याही पोराला कळलं असतं.

माझ्या सगळ्या शंका मिटल्या, असं म्हणाले तर ते खोटं होईल. शेषरावांनी तुला सांगितलं असावं, निदान त्या दिवशी दोर कापताना. मग तू त्यांना वरूडला पाठवलंस ते त्यांना वाचवायला, की माझं नाव निघू नये म्हणून? मला दुसरं उत्तर हवंहवंसं वाटतं, म्हणून त्याच्यावर माझा जास्त संशय आहे. आणि एक राहतंच. दोर धुतलेला असला, तरी तुझ्या बोटांना तो चपटा कसा लागला नाही? ती चूक तुझी आहे, कुलदीप, आणि गुरुवारी मी तीही बोलणार आहे. पण पहिली चूक कुणाची, ते आधी बोलेन. समितीपुढे, प्राचार्यांपुढे, आणि ज्यांना मी मागच्या रविवारी हो म्हणाले त्या भगवंतरावांपुढे. ते मला घरात घेतील की नाही, माहीत नाही. आचलसाठी मी आता काय करायचं, ते मला तिच्याच तोंडून ऐकायचं आहे.

हे पत्र मी क्षमा मागायला लिहिलेलं नाही. ती समोर उभं राहून मागायची असते. लिहिलं आहे ते वेगळ्याच कारणासाठी. बुधवारपासून मी दोनदा ते पान बंद करून ठेवलं आणि दोन्ही वेळा मला चांगली कारणं सापडली. दोर तोच कशावरून, शेषराव म्हातारे झाले, त्यांना कशाला ओढायचं, कॉलेजची नाचक्की होईल. गुरुवारपर्यंत आणखी सापडतील. जगात सगळ्यांवर शंका घेतली, पण ज्या बाईवर घ्यायला हवी होती तिला मी मोकळं सोडलं होतं. बावीस वर्षांत माझ्या डायरीचं एकही पान मी फाडलं नाही. चौदा सप्टेंबरचं आज फाडलं, आणि दोराच्या तुकड्यासकट याच पाकिटात घातलं आहे. झेरॉक्स काढलेली नाही. उद्या पहिला तास सोडून पोस्टात जाईन, बुधवारपर्यंत तुला मिळेल. गुरुवारी अकरा वाजता तू दोन्ही घेऊन ये आणि मागच्या बाकावर बस. मी उठून बोलले तर ठीक. नाही बोलले, तर माझ्या तोंडाकडे बघू नकोस, पान टेबलावर ठेव.

तुझीच,
साधना