पोट बिघडल्याची नोंद

३ फेब्रुवारी, सोमवार. सायं. ५.१०

पेनांग, मलेशिया. पोहोचलो. तब्येत उत्तम.

कुरकुंभला केमिकल कंपनीत छत्तीस वर्षं शिफ्ट केली, एक दिवस लॉगबुक चुकवलं नाही. इथंही नियम तेच. वेळ टाकायची. घडलं ते लिहायचं. खाडाखोड नाही. चूक झालीच तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर मजकूर, आपली सही आणि दुसऱ्या एका माणसाची सही. रिटायर मी झालो, शिस्त नाही.

मुक्काम: धाकटी लेक अपेक्षा आणि जावई रॉनी यांचा फ्लॅट, अकरावा मजला. तेरा दिवस.

उद्देश: अभ्यास. यवतला हायवेवर आपल्या दोस्ताचा, पोपटरावचा ढाबा आहे, त्याला नवीन आयटम पाहिजेत. त्यानं मागितले नाहीत, पण पाहिजेत. रोज एक नवा पदार्थ खायचा, नोंद करायची, गावी गेल्यावर त्याला रिपोर्ट द्यायचा.

सामान: एक बॅग कपडे. दुसऱ्या बॅगेत मंडळीनं दिलेलं पाच किलो ज्वारीचं पीठ. कस्टमवाल्या बाईनं पिठाचा वास घेतला आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू दळण हाच गुन्हा.

सायं. ७.३०

टेबलावर ताट वाढलेलं. काळ्या मसाल्यातलं मटण, भाकरी, कांदा. वास अकरा मजले खाली गेला असणार. अपेक्षा म्हणाली, आप्पा, हात धुवा. मी म्हणालो, पोट बिघडलंय, विमानातलं बाधलं. रॉनी म्हणाला, मामा, नुसता रस्सा तरी घ्या. मी नको म्हणालो. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, भाकरीला कडेनं चिरा गेल्यात, पीठ गार पाण्यात मळलेलं दिसतंय. रॉनीनं मान डोलावली.

खरं कारण इथं लिहितो. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवू नये, असं आमच्यात आजोबांपासून आहे. पोरीला सांगितलं तर म्हणेल, आप्पा जुनाट. म्हणून पोट. रॉनी दौंडच्या ख्रिस्ती घरातला आहे, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. मुलगा चांगला आहे. मी स्वतःच सगळ्यांना सांगतो, मुलगा चांगला आहे. त्यांच्या लग्नात मी जेवलो नव्हतो, ते त्या दिवशीही पोटच बिघडलं होतं म्हणून.

अधिकृत नोंद: पोट बिघडले.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ६.४०

थप थप आवाजानं जाग आली. वरच्या मजल्यावर कपडे धुतात वाटतं.

चहाचा प्रश्न होता. सोडवला. दूध डब्यातलं, साखर दुकानातली, पाणी नळाचं आणि नळ सरकारचा. म्हणजे चहा लेकीच्या घरचा धरता येत नाही. दोन कप घेतले.

सकाळी ९.००

अभ्यास सुरू. इमारतीखालीच तमिळ मुसलमानांचं हॉटेल आहे, दिवसरात्र उघडं. असल्या हॉटेलाला इथं ममाक म्हणतात. आजचा पदार्थ: नासी लमाक. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, लाल तिखट चटणी, शेंगदाणे आणि डोळ्यांसकट तळलेले बारके सुके मासे. मासे माझ्याकडं बघत होते. एवढ्या सकाळी एवढ्या जणांनी बघितलं की माणसाला खाणं जात नाही. ऑर्डर बदलली. रोटी चनाय मागवली. मैद्याची, पापुद्रे सुटलेली, सोबत डाळ. चार खाल्ल्या.

शेरा: पहिल्याच दिवशी शरीराला झटका नको. उद्यापासून नवा पदार्थ, नक्की.

५ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी १.००

लाक्सा. माशाच्या आंबट रश्शातल्या जाड शेवया. वरून एक काळी चटणी घालतात, तिचा वास आला आणि सवयीनं मी इमर्जन्सी एक्झिट कुठं आहे ते बघितलं. एक चमचा घेतला. दुसरा चमचा विचारपूर्वक टाळला.

मग रोटी चनाय, दोन. हिला आता कंट्रोल सॅम्पल धरायचं. कंपनीत नवा माल तपासताना जुना, पक्का माल शेजारी ठेवावाच लागतो. त्याशिवाय तुलना कशी होणार?

पोपटरावला फोनवर लाक्सा समजावून सांगितला. तो म्हणाला, हौसराव, हितं पनीरच्या भाजीत काजू कमी पडला तर गिऱ्हाईक टेबल वाजवतंय, आंबट मासं कोन खानार? तुमी बरं हाय ना? लेकीच्या घरचं जेवताय ना?

विषयांतर करायची त्याची सवय जुनी आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ६.४०

वरच्या मजल्यावर पुन्हा धुणं. रोज एवढे कपडे कुणाचे मळतात?

अपेक्षानं विचारलं, आप्पा, पोट कसंय? म्हणालो, सुधारतंय, पण बाहेरचंच मानवतंय. ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. लहानपणी पाढे चुकले की मी तिच्याकडं असाच बघायचो.

सकाळी १०.१५

तेह तारिक म्हणजे ओढलेला चहा. एक मग डोक्याच्या वर, दुसरा कमरेला, आणि मधे हातभर चहाची धार. यवतला हा आयटम जोरात चालणार. चहावाल्याला खुणेनं म्हटलं, मी करून बघतो. छत्तीस वर्षं रिॲक्टरचे व्हॉल्व्ह सांभाळलेले हात आहेत.

सकाळी १०.४०

उजवा बूट दोरीवर वाळत आहे. डावा थोडक्यात वाचला.

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ३.२०

केळीच्या पानावर वाढणारं हॉटेल सापडलं. पान बघून जिवात जीव आला. भात, सांबार, दोन भाज्या, पापड, माणसं ओळीनं बसलेली. पोटभर जेवलो. आता उठायचं कसं? पंगतीत दुसऱ्याचं व्हायच्या आत उठणं म्हणजे त्याचा अपमान. थांबलो. शेजारचा उठला, त्याच्या जागी नवा बसला. त्याच्यासाठी थांबलो. तेवढ्यात पलीकडं तिसरा आला. माझं पान मोकळं दिसलं की वाढपी भात टाकायचा. पानात टाकायचं आमच्यात नाही, म्हणून मी खायचो. एक वाजल्यापासून तीन वाजेपर्यंत हेच.

चौथ्यांदा रस्सम आलं तेव्हा समोरच्या म्हाताऱ्यानं उठून माझं पान स्वतःच मिटलं. पान मिटलं की जेवण संपलं, अशी इथली रीत. मोडक्या हिंदीत त्यानं विचारलं, कुठं उतरलात? म्हणालो, लेकीकडं. तो म्हणाला, बेटी का घर है, तो इधर क्यों खाता है?

त्याची हिंदी कच्ची होती. काय विचारायचंय ते त्यालाच नीट कळलं नसावं.

१० फेब्रुवारी, सोमवार. सायं. ६.४५

रॉनीच्या दोन बोटांना पट्टी. विचारलं तर म्हणाला, काही नाही मामा, जरा भाजलं. कंपनीत भाजलं असणार. मी त्याला हातमोज्यांवर वीस मिनिटं सांगितलं. आमच्या प्लांटमधली तीन उदाहरणं दिली. त्यानं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, मामा, मोजे घालून जमत नाही ते काम. आजकालच्या मुलांना सेफ्टीचं गांभीर्य नाही. तरी मुलगा चांगला आहे.

त्यांचं जेवण सुरू झालं की मी खाली चालायला जातो. आज इमारतीला अकरा फेऱ्या मारल्या. वॉचमननं खुर्ची देऊ केली. बसवेना.

१२ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी २.००

चेंडोल. बर्फ, नारळाचं दूध, गूळ आणि त्यात हिरव्या शेवया. खाल्लं. आवडलं. दोन वाट्या. अभ्यासातलं हे पहिलं यश, पण गोड असल्यामुळं जेवण धरता येत नाही. जेवण: रोटी चनाय, तीन. ममाकवाला आता मला बघितलं की विचारत नाही, सरळ तव्याकडं वळतो.

आतापर्यंतचा आढावा. नवे पदार्थ ठरवले: नऊ. चाखले: चार. संपवले: दोन, त्यात केळीच्या पानावरचा सांबारभात धरला आहे. कंट्रोल सॅम्पल: सव्वीस.

सकाळचा धुण्याचा आवाज आता तालात येतो. सुरुवातीला कसा अडखळत यायचा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. दिवसभर

घरात पाय ठरत नाही, बाहेर मन ठरत नाही. बस पकडली, चुकीच्या टोकाला गेलो, परत आलो. समुद्र बघितला. समुद्राला करायचं काय? उद्यापासून दिवसाला दोन नवे पदार्थ. मागचा बॅकलॉग भरून काढायचा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी १२.३०

नवे पदार्थ: शून्य. कारण: गावाकडून, मांडवगणहून मंडळीचा फोन.

विठाबाई म्हणाली, अवं, पोरीच्या घरी जेवत न्हाई म्हनं तुमी? मी रिवाज समजावून सांगितला. ती म्हणाली, कसला रिवाज? शितलच्या लग्नाला दुसरा म्हैना लागला न्हवता, तवा यवतला तिच्या घरी आखाडाचं मटान कुनी हानलं? तीनदा रस्सा वाढून घेतला आन् वर म्हनलात, जावयाच्या घरचं मीठ गोड हाय. शितलला तवा कुठं पोर हुतं?

शितल थोरली. तिचा नवरा आपल्याच भावकीच्या सोयऱ्यांतला. ते वेगळं.

वेगळं का, ते विठाबाईनं विचारलं. तेवढ्यात नेटवर्क गेलं.

दुपारी १२.३४

नेटवर्क मी घालवलं होतं. तिनं पुन्हा लावला. म्हणाली, काल अपेक्षा रडली फोनवर. म्हनली, आई, आप्पा रॉनीच्या हातचं खात न्हाईत.

मी विचारलं, रॉनीच्या हातचं म्हणजे?

ती म्हणाली, मंग सैपाक कोन करतंय तिथं? तुमी पोरीला इंजिनेर केलं, मी तिच्या हातात लाटनं देत हुते तर हिसकून घेतलंत. तिला सादी आमटी येत न्हाई. आल्या दिवशीचं मटान त्या पोरानं केलं हुतं. दौंडवरनं त्याच्या आईनं मसाला धाडला हुता, खास तुमच्यासाठी.



१५ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ६.४०

आवाज. वरच्या मजल्यावरचा नाही.

उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. रॉनी ओट्यापुढं, माझ्याकडं पाठ. मोबाईल डब्याला टेकवलेला, त्यात कुणीतरी बाई भाकरी थापत होती. हा तिच्याबरोबर थापत होता, पट्टीच्या बोटांनी. शेजारी पातेल्यात पाण्याला उकळी. तव्यावरची भाकरी गोल होती. कडेला एकही चीर नाही. ती फुगली तेव्हा तो स्वतःशीच हळूच म्हणाला, आली.

मी परत येऊन झोपलो. म्हणजे डोळे मिटून पडलो.

सकाळी ९.००

नाष्ट्याला बसा मामा, म्हणाला. माझ्या तोंडून निघून गेलं, आज शनिवार. आजवर कधी शनिवार धरलेला नाही. खाली आलो. रोटी चनाय मागवली, एक. तिच्यासमोर बसून उद्याचं वाक्य पाठ केलं: रॉनी, ताट वाढ बाबा. चार शब्द. ममाकवाल्याला वाटलं मी रोटीवर मंत्र टाकतोय.

ठराव: उद्या सकाळी न विचारता टेबलावर बसायचं. तीन भाकरी खायच्या. चौथी मागून घ्यायची.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.५०

आवाज आला नाही.

आंघोळ केली, हात धुतले, टेबलावर जाऊन बसलो. वाक्य म्हटलं. चारही शब्द बरोबर आले. अपेक्षानं रॉनीकडं बघितलं. रॉनीनं पिठाच्या डब्याकडं.

म्हणाला, मामा, पीठ काल संपलं. रोज चार करत होतो, आधीच्या मोडायच्या. कालची शेवटची चांगली झाली होती. तुम्ही खाली गेला होतात.

पाच किलो पीठ मी स्वतः वाहून आणलं. त्यातली एकही भाकरी माझ्या पोटात गेली नाही.

फ्रिजमध्येही काही नव्हतं. अपेक्षा म्हणाली, आप्पा, तुम्ही बाहेरच जेवणार म्हणून बाजार केलाच नाही. शेवटी रॉनीनं कपाटातून नूडल्सची दोन पाकिटं काढली. दोन पाकिटं, तीन माणसं. उभ्या उभ्या शिजवली, माझ्यापुढं वाडगा ठेवला आणि वाडग्याकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

मीठ जास्त होतं. शेवया गळून गेल्या होत्या. मी म्हणालो, अजून थोडं वाढ. पातेल्यात नव्हतं. त्यानं आपल्या वाडग्यातलं घातलं. अपेक्षा पाणी आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

दुपारी १.२०, विमानतळ

पोपटरावसाठी रिपोर्ट: चेंडोल बरा. बाकी अभ्यास अपुरा.

दुरुस्ती, नियमाप्रमाणे. दि. ३ च्या 'पोट बिघडले' या नोंदीवर आडवी रेघ मारली आहे. बरोबर मजकूर: पोट उत्तम होते. लग्नाच्या दिवशीही उत्तम होते. कारण: मानवी चूक.

सही: हौसराव.

दुसऱ्या माणसाची सही बाकी आहे. ती कुणाची पाहिजे ते मला माहीत आहे. तो काचेपलीकडं अजून उभा आहे, पट्टीचा हात वर करून. मी वही वर धरून दाखवली. त्याला वाटलं, मी टाटा करतोय.