अननसाचा अ

४ मार्च, मंगळवार

टिल्लू घासतोय! आमचा एवढासा उपग्रह. सहा वर्षं याच्या आकडेमोडीत माझे केस पिकले, आणि वर गेल्यावर हा असा! कक्षा लंबवर्तुळाची, आणि तिचं जवळचं टोक फारच खाली आलंय. प्रत्येक फेरीत हवेला घासून जातो. असंच चाललं तर महिन्याभरात जळून खाक.

जवळचं टोक म्हणजे उपभू, लांबचं म्हणजे अपभू. उपभू वर उचलायचा तर धक्का द्यायचा अपभूला. आईला झोपाळ्याचं उदाहरण देऊन सांगितलं: धक्का इथं द्यायचा, उंची समोर वाढते. आई म्हणाली, "म्हणजे बोलायचं एकाला आणि लागायचं दुसऱ्याला. त्यासाठी एवढं शिकलीस?"

धक्का परवा. इंजिनच्या टेबलावर तोच असणार. इंजिनवाला. असो.

५ मार्च

त्याच्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण इथं कोण बघतंय?

मागच्या वर्षी त्यानंच विचारलं होतं, तेही हेडफोनवरून — "ड्युटी संपल्यावर कँटीनमध्ये चहा घ्यायचा का?" मी ताबडतोब म्हटलं, "का नाही?" केसबीस नीट करून जाऊन बसले. चहा गार झाला. समोर येऊन बसले ते साहेब, आणि आपल्या मुतखड्याची साद्यंत कथा सांगून गेले. हा फिरकलाही नाही! तेव्हापासून नमस्काराच्या पुढे गाडी नाही. आता म्हणे दूरच्या अँटेना केंद्रावर बदली मागितलीय. महिनाअखेर जाणार. जाईना का! मला काय!

६ मार्च

वाट लागली.

७ मार्च

काल लिहायचं त्राण नव्हतं.

मी हेडफोनवर सांगितलं, "अपभूला, पूर्ण जोर!" आणि त्यानं धक्का दिला उपभूला. जवळच्याच टोकाला! वेग वाढला, लांबचं टोक गेलं आणखी लांब, भलतीकडे. आणि जवळचं? जागचं हललं नाही. हलणारच नाही! जिथं धक्का बसतो ती जागा नव्या कक्षेतही असतेच. कितीही लांब भटकून या, फेरी पुरी करायला तिथूनच जावं लागतं. टिल्लू परत तिथंच घासणार. वर निम्म्याहून जास्त इंधन गेलं ते गेलंच.

सगळ्यांसमोर ओरडले त्याच्यावर — "अ आणि उ कळत नाही तुम्हाला?" तो एवढंच म्हणाला, "ऐकू आलं तसं केलं."

ऐकू आलं तसं म्हणे!

८ मार्च

साहेबांनी त्याच्या हेडफोनचं रेकॉर्डिंग लावलं. आवाज माझाच — "पभूला, पूर्ण जोर!"

अ गायब!

त्यानं तर शिस्तीत परत विचारलंय, "उपभू ना?" नेमके तेव्हा साहेब माझ्या दुसऱ्या कानात बोलत होते. आणि मी म्हणतेय, "हो हो, तेच!"

हेडफोन दुरुस्त करणाऱ्या बाई म्हणाल्या, "बटण दाबायच्या आधीच बोलायला लागता तुम्ही. पहिलं अक्षर जातच नाही पलीकडे. कायमचंच आहे हे." साहेबांनी चष्मा काढला. हळूच विचारलं, "म्हणजे रोज सकाळी तुम्ही मला 'यार' म्हणत नाही?"

अहो, 'तयार' म्हणते मी! तयार! आणि हे वर्षभर ऐकून घेत होते बिचारे. "म्हटलं, हल्ली चालत असेल." धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आई हसून हसून खालीच बसली. "लहानपणापासून तुझं तोंड पुढे आणि तू मागे."

त्याची माफी मागायला हवी. मागितली नाही. दोनदा त्याच्या टेबलापर्यंत गेले आणि पाणी पिऊन परत आले.

१० मार्च

सगळं पुन्हा मांडलं. आणि काय सापडावं! लांबचं टोक जितकं लांब, तितका टिल्लू तिथं रेंगाळत चालतो, आणि तितका छोटा धक्का पुरतो. चुकून एवढा लांब गेलाय म्हणूनच उरलेल्या इंधनात उपभू वर येईल. जेमतेम. पण येईल! एकच संधी आहे मात्र. हुकली तर टिल्लू गेला.

साहेब खुशीत. "आपण मुद्दामच असं केलं, असं सांगायचं का वर?"

माझ्यासाठी नवा नियम: बटण, श्वास, मग तोंड. आणि उपभू-अपभू बंद. अ अननसाचा, उ उखळाचा.

१२ मार्च

चिडीचूप. बटण दाबलं. श्वास घेतला. "अननस!"

पलीकडून अत्यंत गंभीर आवाजात — "अननस. उखळ नव्हे. बरोबर?"

"बरोबर. अननस."

कोणी हसलं नाही. धक्का बसला. मग नुसतं बघत बसणं. आणि आकडे आले — उपभू हवेच्या पार वर! जीव भांड्यात पडला. साहेब नाचले, खरंच नाचले. मी रडले. टिल्लू ठरल्यापेक्षा फार लांब जाऊन येईल, पण पडणार नाही. माझा टिल्लू पडणार नाही!

तो हेडफोन काढून निघाला होता. गाठलं आणि माफी मागितली एकदाची. म्हणाला, "त्यात काय एवढं." दारापर्यंत गेला, वळला. "तुमचं पहिलं अक्षर आज पहिल्यांदाच ऐकलं."

बरं वाटलं. आणि वाईटही. महिनाअखेर तो जाणारच आहे.

१३ मार्च

दात घासता घासता थबकले. आरशासमोर म्हटलं, "का नाही?" मग पहिलं अक्षर सोडून म्हणून पाहिलं.

"नाही."

अख्खं वर्ष!!

निघाले. आज मध्ये बटण नाही.