निखिलचा कॉम्प्युटर चालू आहे

मंगळ., ७ एप्रिल
सकाळी ८१, दुपारी ८६. मशीनच्या तापमानाचा आकडा स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात हिरव्या रंगात दिसतो. निखिलनेच लावून ठेवलेला. नव्वदच्या पुढे गेलं की मशीन स्वतःला वाचवायला आपोआप बंद पडतं, हेही त्यानेच एकदा सांगितलं होतं. मी तेव्हा पेपर वाचत होतो.

नोकरीभर धरणाची पातळी लिहिली. आता हे.

त्या संध्याकाळी पोरगा गेम चालू ठेवूनच खाली गेला. 'आलोच' म्हणाला. बिबवेवाडीच्या उतारावर बाइक घसरली, मागून टँकर. महिना होत आला. गेम तसाच चालू आहे. नदीकाठी एक माणूस उभा, पाठीवर पिशवी. मधूनच मान वळवतो. श्वास घेताना खांदे हलतात. सुनंदा दुपारी त्याच्यासमोर स्टूल टाकून भाजी निवडते.

टेबल फॅन आणून सीपीयूच्या मागे लावला. ८४.

मला काही वाटत नाही. भेटायला येणाऱ्यांसाठी चेहरा पाडून बसतो. ते गेले की आकडा बघून येतो.

शुक्र., १०
८८. समोरची सोसायटी पाडतायत, रीडेव्हलपमेंट. खिडकी उघडली तर धुरळा, लावली तर भट्टी. सु.ने जाळीवर ओला पंचा टांगलाय. तासाभरात वाळून कडक. पुन्हा भिजवते.

सीपीयू भिंतीपासून पुढे ओढला. स्क्रूड्रायव्हरने बाजूचा पत्रा काढला. चालू असताना काढायला नको होता बहुतेक. काढल्यावर लक्षात आलं. ८५.

सोम., १३
टॉर्च घेऊन आत बघितलं. पंख्याच्या पात्यांवर काळा, चिकट थर. समोरची धूळ म्हणावी तर ती पिवळी. बोटाला लावून वास घेतला. चंदन.

निखिलचा फोटो सीपीयूवरच ठेवलाय. सु. तिथेच सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावते, शेजारी तेलाचा दिवा. जागा तिनेच ठरवली, 'तो इथंच बसायचा' म्हणून. महिनाभर तो सगळा धूर, राख, काजळी पंखा आत ओढत होता.

चहाच्या वेळी सांगितलं. सरकारी पत्र वाचावं तसं.  ती उठली, दिवा आणि उदबत्तीचं घर उचलून देवघरात नेऊन ठेवलं. फोटो मात्र तिथेच. परत येऊन म्हणाली, "म्हणजे इतके दिवस मीच त्याला धूर देत होते."

"मशीनला," मी म्हणालो.

दुसरं काहीतरी बोलायला हवं होतं. 

शुक्र., १७
ऋता येऊन गेली. निखिलच्या ऑफिसमधली मैत्रीण. दोघं शनिवार-रविवार हाच गेम खेळायचे म्हणे, आपापल्या घरी बसून. आम्हाला माहीत नव्हतं.

आत बघून म्हणाली, "काका, हे बंद केल्याशिवाय क्लीन नाही होणार. फिरत्या पंख्याला हात नका लावू प्लीज. आणि तापतंय ते मेनली गेममुळे. नुसता गेम क्लोज केला तरी पन्नासवर येईल."

सु. चहा घेऊन आली होती. कप ठेवले आणि आत गेली.

ऋताने त्याचे फोटो, व्हिडिओ, सगळं एका डिस्कवर घेऊन दिलं. उभ्यानेच, नुसत्या माउसने, कीबोर्डला हात न लावता. त्यावरची धूळ सु. कामवालीलाही पुसू देत नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. डिस्क कपाटात ठेवली. म्हणजे आता कॉम्प्युटर चालू ठेवायला तसं काही कारण उरलं नाही. तिघंही चहा प्यायलो. 

सोम., २०
सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. गुरुवारी सकाळी ९ ते ५ वीज बंद, दुरुस्तीचं काम. गुरुवार म्हणजे ठरलेलंच, गेले पाच-सहा आठवडे टळलं होतं एवढंच. एरवी आपण आदल्या दिवशी पाणी भरून ठेवतो आणि विसरतो.

सेक्रेटरींना फोन केला. लिफ्टच्या जनरेटरवरून आमच्याकडे एक वायर मिळेल का?

"घरात कारखाना काढलात का साहेब?"

मग त्यांना आठवलं. "सॉरी, सॉरी. तुम्ही म्हणाल तसं बघू हं. पण परवानगीचं जरा..." मला पहिलं वाक्य बरं वाटलं होतं. महिन्याभरात कोणी माझ्याशी नेहमीसारखं खवचट बोललं नव्हतं.

इन्व्हर्टरवाला येऊन बघून गेला. म्हणाला, चार ट्यूब आणि दोन पंखे दिवसभर ओढेल. हे यंत्र लावलं तर अर्धा तासही नाही.

मंगळ., २१
ऋताला फोन. वीज गेली तर त्या नदीवरच्या माणसाचं काय होईल? साठीच्या माणसाने विचारायचा प्रश्न नव्हे. ती हसली नाही.

"काका, या गेममध्ये घरी जाऊन झोपलं की सेव्ह होतं. लाइट गेली तर मागच्या वेळी जिथे झोपला होता तिथून परत सुरू होईल."

"म्हणजे नदीपर्यंत आलेला जाईल."

"हो. तेवढं जाईल."

जेवताना सु.ला सांगितलं. तिने विचारलं, घर आहे का त्याला तिथे? म्हटलं, आहे म्हणे. निखिलने बांधलंय, लाकडाचं. पण न्यायचं तर कीबोर्डला हात लावावा लागेल. ती जेवता जेवता थांबली. "नको. राहू दे तिथेच," म्हणाली.

बुध., २२
८९. पंचा दिवसभर भिजवतोय. फॅन दोन केले.

भांडण झालं. भांडण म्हणजे माझी दोन वाक्यं, तिची दोन. मी म्हणालो, "अगं, तो निखिल नाही. चित्र आहे ते."

"माहीत आहे मला. तुम्हाला सांगावंसं वाटलं का?"

ती देवघरात बसून राहिली, मी गॅलरीत. रडू आलं तर बरं होईल असं वाटलं. वाट बघितली. समोर पोकलेन चालू होता.

गुरु., २३
सु. लवकर अंघोळ करून आली. स्टूल बाजूला सरकवलं आणि निखिलच्या खुर्चीत बसली. दीड महिन्यात त्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं.

"ऋताला विचारा, याला चालवायचं कसं."

फोन स्पीकरवर ठेवला. "काकू, डब्ल्यू दाबून धरा. डावीकडे वर आहे बघा. आणि माउस अगदी हळू."

सु.ने पदराला हात पुसले. बोट ठेवलं. धुळीत बोटाचा ठसा उमटला. त्या माणसाने नदीकडे पाठ केली आणि चालायला लागला. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. कधी धरली माहीत नाही.

झाडाला धडकला. मग झुडपात शिरला. मग पुन्हा त्याच झाडाला.

"असू दे काकू, निखिलपण सुरुवातीला झाडांनाच धडकायचा. दर वेळी मला शिव्या घालायचा, जसं काही मी झाडं लावली."

सु. हसली. मोठ्याने नाही, पण हसली. मला रडावंसं वाटलं. हे नक्की वाटलं, म्हणून लिहून ठेवतोय.

चालताना मशीन जास्त तापतं. पंचा आता सीपीयूच्या मागे टांगलाय, पुठ्ठ्याने वारा घालतोय, दुसऱ्या हाताने हे. अक्षर कसंही येतंय. ऋता म्हणते, टेकडी ओलांडली की घर दिसेल. चढ आहे. नऊ वाजायला आले. खाली वीजवाल्यांची गाडी येऊन उभी आहे, शिडी उतरवतायत.

सु. त्याच्याशी बोलायला लागलीय. "सावकाश चल रे. घाई करू नकोस. उतारावर जपून."

आकडा ९० झाला. तिला सांगितलं नाही.