सुझुनाच्या उडीतली चार चित्रं

मी, किनुगासा तोमिए, वय एकाहत्तर, राहणार ओत्सु, तळ्याकाठी, आज पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करून ठेवते. शरीर थकलंय, डोकं नाही. डॉक्टरांच्या मते पुढचा उन्हाळा मला दिसणार नाही.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी भाची मिओ हिला. मिओ, आधी छप्पर बघ. शेजारच्या ओकाबेंनी माझं पर्सिमनचं झाड न विचारता छाटलं; त्यांना एकही फळ देऊ नकोस.

कलम २. खालून उजेड पडणारं माझं चित्रांचं टेबल वाकिसाका जुनपेई यास. (रद्द. कारण कलम ५ मध्ये.)

कलम ३. ‘शेवाळगड’ या व्हिडिओ गेमची हातानं काढलेली सर्व चित्रं, नऊ पेट्या, मिओकडे. नावाड्याची पोर सुझुना कड्यावरून कड्यावर उड्या मारत, राक्षसांशी लढत, खाऊन-पिऊन ताकद वाढवत गड चढते, असा तो खेळ. खोटा विनय कशाला? त्यातलं शेवाळ हलायचं. राक्षसाला कुणी छेडलं नाही तर तो जांभई द्यायचा. शिंपल्यांच्या रश्श्याची वाफ बघून खेळणारे भुकेले व्हायचे. पण दालनं थोडी. एकच मुदपाकखाना पाच वेळा ओलांडावा लागतो, लोक वैतागतात. मी हळू काढायचे, नवी दालनं झालीच नाहीत.

कलम ४. खरा दोष उडीत आहे, आणि तो माझा आहे. वाकिसाका आमच्याकडे प्रोग्रॅमर होता. एकदा माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, “ताई, बटण दाबलं की पोरगी उडायला हवी. तुमची सुझुना श्वास घेते, खांदे आवरते, गुडघे वाकवते, टाच उचलते. तोवर राक्षस तिला गिळून मोकळा!”

“माणूस असाच उडतो. वीस वर्षं सिनेमासाठी चित्रं काढलीत मी. मला शिकवतोस?”

“सिनेमात कुणी बटण दाबत नाही हो. चार चित्रं काढून टाका. फक्त चार.”

“एक जरी काढून टाकलंस ना, सगळ्या पेट्या उचलून घरी जाईन!”

गेम आला. चित्रांचं कौतुक झालं, उडीवरून प्रोग्रॅमरला शिव्या बसल्या. मासिकवाल्यानं मला विचारलं, तर मी म्हणाले, “ते वाकिसाकाला विचारा.” त्यानं सगळ्यांसमोर कमरेत वाकून “चूक माझी” म्हटलं. पुन्हा कुणी त्याला गेमचं काम दिलं नाही. शाळाशाळांतून छपाईयंत्रं दुरुस्त करत फिरला. तेवीस वर्षं दर नववर्षाला त्याचं कार्ड येतं, मी उत्तरादाखल शेवाळ रंगवून पाठवते. त्या गोष्टीचा एक शब्द नाही. मला लाज वाटते. फार लाज वाटते.

म्हणून: ओसाकाची एक कंपनी ‘शेवाळगड’ पुन्हा काढते आहे. मिओनं परवानगी दोन अटींवर द्यावी. उडीआधीची ~~चार~~ तीन चित्रं काढून टाकावीत. आणि खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर लिहावं: ‘उडीतला उशीर किनुगासा तोमिए हिच्या हट्टामुळे होता. वाकिसाका जुनपेई यानं तेव्हाच सांगितलं होतं.’

कलम ५. हे वाकिसाकानं स्वतःच्या कानांनी ऐकावं, साक्षीदार व्हावं, अशी माझी इच्छा. नोटरी म्हणाले, ज्याला काही मिळतं तो साक्षीदार होऊ शकत नाही. मी फोन केला.

“टेबल हवंय की साक्षीला येतोस?”

“येतो.”

“टेबल चांगलं आहे रे.”

“माहीत आहे, ताई. गुरुवारी येतो.”

दुरुस्ती: वाचन चालू असताना, कलम ४ पाशी, साक्षीदार क्र. २ यांनी हात वर केला. “चार नको, तीनच काढून टाका. तिचा श्वास राहू द्या.” मी म्हणाले, “अरे, उडी पुन्हा उशिरा होईल.” ते म्हणाले, “थोडी होऊ दे.” त्यांच्या सांगण्यावरून ‘चार’ खोडून ‘तीन’ केले आहे. खाडाखोडीवर माझा शिक्का.

ओत्सु, १४ नोव्हेंबर, गुरुवार

किनुगासा तोमिए (शिक्का)
साक्षीदार १: मोरिवाकी चिझुरु, परिचारिका (शिक्का)
साक्षीदार २: वाकिसाका जुनपेई, प्रोग्रॅमर (शिक्का)