तेवीस नंबरचा रिले

विश्रामबाग, सांगली
१२ नोव्हेंबर २०२४

कोंडीबादादांना,

फिरदोसचा सलाम. मी खुशाल आहे, वहिनींना सांगा. दहिवडीत पाऊस किती झाला ते विचारत नाही. सगळे तेच विचारत असतील. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पोस्टाला कामाला लावलं. पाकीट परत करायचं तर पोस्टापर्यंत चालावं लागेल, आणि तुमचा आळस मला ठाऊक आहे.

कारखान्यात चाचणीच्या खोलीला एसी आला. आपण तिथं वीस वर्षं घामेजलो, पण मालकांना दया आली ती मीटरची.

तुमच्या बाकावर आता सोनम बसते. मोटारीचं वायंडिंग सुरेख भरते. गेल्या आठवड्यात तिच्याही कॉइल नापास होऊ लागल्या. आप्पासो मालक म्हणाले, "त्या बाकालाच बाधा हाय. नारळ फोडा." नारळ फुटला, खोबरं सगळ्यांनी खाल्लं, कॉइल नापासच.

मग मी डोकं लावलं. चोवीस बाकांच्या तारा एकाच मीटरला येतात, आणि मधल्या पेटीतले रिले बटणांसारखे टिकटिक करत एकेकीला मीटरशी जोडतात. तुमचा बाक तेवीस नंबरला. सोनमची नापास कॉइल मी नऊ नंबरला जोडली. पास. नऊवरची पास कॉइल तेवीसला आणली. नापास. दहा वेळा केलं.

पेटी उघडून तेवीसचा रिले भिंगाखाली धरला. आतल्या टिकल्यांवर सोन्याचा मुलामा असतो, तो गेलेला. आडवे ओरखडे.

इथवर लिहून मी उठून चहा करून आले.

ओरखडे पॉलिश पेपरचे होते, दादा. पेपर माझा. आष्ट्याला अब्बा स्कूटरचे पॉइंट असेच घासायचे. मला वाटलं, रिले म्हणजे स्कूटरचाच भाऊबंद. दोन वर्षांपूर्वी तेवीस नंबर अडखळला, तेव्हा कुणाला न विचारता घासला. आठ दिवस झकास चालला. पुढं टिकल्या कधी नीट टेकायच्या, कधी नाही, आणि मीटरवर आकडा फुगायचा. त्या आकड्याखाली मी लिहीत गेले, 'वायंडरचा हात सैल.'

तुम्ही म्हणाला होतात, "बाई, तार दुसऱ्या नंबरला लावून तरी बघ." मी म्हणाले, "मीटर खोटं बोलत न्हाई, दादा." तुम्हाला घरी बसवलं तो अहवाल माझ्या अक्षरात आहे.

आज बिघाडाच्या वहीत सगळं लिहून खाली सही केली. आप्पासोंनी बोलावलं.

"फिरदोस, ते पान फाड. मशीन चुकलं म्हटल्यावर गिऱ्हाईक काय म्हणंल?"

"माणूस चुकला म्हटलं, तवा काय म्हणालं हुतं?"

"मग सोमवारपासनं येऊ नको."

"येणार. तुमी गेटवर अडवा. मी तितंच हुबी राहून पान वाचीन. माझा आवाज तुमाला म्हाईत हाय."

पानाची झेरॉक्स सोबत आहे. तुमच्या हाताबद्दल गावात जो जो बोलला असेल, त्याच्या तोंडावर धरा. मला माफ करायची घाई नको. माफी मी मागितलेली नाही. सोमवारी नऊला मी गेटवर असेन. तुम्ही आलात तर बरं. नाही आलात तरी तुमचं पुरं नाव घेऊनच वाचणार.

तुमच्या एकोणीस चांगल्या कॉइलांवर लाल शेरा मारणारी,
फिरदोस